वेलाच्या जखमेवरचा वारा

मी एक जुना टेबलपंखा आहे. एके काळी अंगभर हिरवा होतो. आता हिरवा थोडा आणि गंज फार. तीन पाती, पुढे तारांची जाळी, पाठीवर मान फिरवायचा खटका, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझी गोष्ट मात्र भोपळ्याएवढी मोठी आहे. खरोखरच भोपळ्याएवढी!

कारखान्यात मला जोडले तेव्हा एका कारागीर बाईने माझे पाते बोटाने हलकेच फिरवले आणि म्हणाली, "जा बाबा, जिथे जाशील तिथे गारवा दे." तिचे ते बोलणे मी आशीर्वाद म्हणून जपले.

एका केस कापणाऱ्याने मला त्याच्या दुकानात आणले. खुर्चीकडून बाकाकडे, बाकाकडून आरशाकडे मी मान फिरवीत असे. दिवसभर 'नाही, नाही' अशी मान हलवली, पण वारा कुणालाच नाकारला नाही. घामेजलेली माणसे डोळे मिटून "हाश्श!" करत. त्या एका शब्दासाठी मी वर्षानुवर्षे राबलो.

मग आतल्या चाकाचा एक दाता झिजला आणि माझी मान एकाच बाजूला अडकली. झाले! बाकावर भांडणे सुरू झाली. "सगळा वारा त्यांनाच? आम्ही काय इथे वाळत घातलोय?" छताला नवा पंखा लागला आणि मी मालकाच्या घरी माळ्यावर गेलो. तिथे एक फुटकी बादली माझी शेजारीण होती. पुढे मालक म्हातारे झाले, दुकान बंद झाले. तरी माझी आठवण कुणाला झाली नाही.

आजोबा झालेल्या माझ्या मालकांच्या घरी आजींनी परसात भोपळ्याचा वेल लावला होता. वेलाला पाणी घातल्याशिवाय त्या स्वतः पाण्याचा घोट घेत नसत. दरवर्षी भाज्यांच्या प्रदर्शनात त्या भोपळा घेऊन जात आणि हात हलवत परत येत. आजोबा चिडवत, "लोकांना परीक्षेत भोपळा मिळतो, हिला भोपळ्यातही भोपळाच!" आजी हसून सोडून देत, पण मनातून त्यांना एकदा तरी जिंकायचे होते. या वर्षी त्यांनी वेलावर एकच फळ ठेवले आणि ते असे फुगले, की शेजारीपाजारी कुंपणावरून माना लांब करून पाहू लागले.

तिथेच घात झाला. भोपळ्याचा खांदा, म्हणजे देठाजवळचा फुगवटा, वाढता वाढता वेलाला वर उचलू लागला. आजींनी तर मायेपोटी फळाजवळच माती चढवलेली. तिथे रुजलेली मुळे वेलाला खाली धरून बसली. वर ओढ, खाली ओढ. मधोमध वेल चिरला.

आजींनी दोन्ही हातांनी चीर दाबून धरली. "हा तुटला तर भोपळाही गेला हो!"

"थांब गं," आजोबा म्हणाले. "जन्मभर कापल्या-खरचटल्याचंच पाहिलंय मी." त्यांनी चिरेवर तुरटी घासली आणि वर गरम ओला टॉवेल गुंडाळला. गिऱ्हाइकाच्या गालाला जे चालते, ते वेलालाही चालेल असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी टॉवेल सोडला, तर जखम बुळबुळीत झालेली आणि कुबट वास!

"अहो, तो वेल आहे! दाढी करायला आलाय का तुमच्याकडे?" आजींचा आवाज रडवेला झाला. आजोबांचा चेहरा पडला.

सून म्हणाली, "आई, ओलाव्यानंच सडतोय तो. त्याला वारा लागायला हवा. माळ्यावरचा पंखा काढू?"

"तो? त्याची मान अडकलीये."

"मग बरंच की! वारा एकाच जागी तर हवाय."

मित्रांनो, ज्या दोषामुळे मी अडगळीत पडलो, त्याच दोषासाठी मला खाली उतरवले!

आजोबांनी वस्तरा पट्ट्यावर परजला. हात म्हातारा, पण धार लावताच स्थिर झाला. त्यांनी सडका भाग अलगद खरवडला. आजींनी वेल तान्ह्या बाळासारखा धरला होता. मग फळाजवळची मुळे मोकळी केली आणि दूरच्या पेरांवर माती चढवली, म्हणजे वेलाला तिथून रस मिळेल. माझ्या शेजारणीला, त्या फुटक्या बादलीला, पालथे घालून तिच्यावर मला बसवले. तेलाचा थेंब दिला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर आली. मी घुर्र केले आणि पहिल्याच झोतात कित्येक वर्षांची धूळ सुनेच्या नाकात! शिंकता शिंकता ती हसली आणि आजीही हसल्या.

मी नेम धरल्यासारखा वारा घालीत राहिलो. वीज गेली की आजोबा पुठ्ठ्याने वारा घालत. हळूहळू जखम सुकली, तिच्यावर टणक खपली धरली. मलूल पाने ताठ झाली. आणि भोपळा? आजोबा त्याला दोरीने मापत. एके सकाळी दोरीच पुरेना!

प्रदर्शनात भोपळा हातगाडीवरून गेला. त्याच्यापुढे बाकीचे भोपळे लिंबांसारखे दिसले म्हणे! देठाला राहिलेल्या वेलाच्या तुकड्यावरचा व्रण पाहून परीक्षकांनी विचारले, "हा वाचला कसा?" आजोबा छाती काढून म्हणाले, "माझ्या हातची शेवटची हजामत आहे ती!"

पहिल्या बक्षिसाची लाल फीत घेऊन आजी घरी आल्या, तडक परसात गेल्या आणि ती माझ्या जाळीला बांधली. मग मला सुरू करून समोर बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हाश्श!"

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, धूळ पुसा. आणि कुणाची जखम दिसली तर ती घाईने गुंडाळून टाकू नका. तिच्याकडे तोंड करून थोडा वेळ बसा. माझी मान अजून अडकलेलीच आहे. फीत मात्र सारखी फडफडते.