पेटीतली मासोळी

चंद्राबाईला मासा शिकवणारा मांडव्यात अजून जन्माला यायचा होता. अख्खा जन्म तिचा माशांत गेला. नुसतं पोटावर बोट दाबून ती सांगायची, हिच्यात अंड्यांची गाबोळी आहे, हिच्यात नाही. आणि कोयत्यावर धरला की मासा तसाच निघायचा. असल्या बाईला तिचा मुलगा शिवदास सांगायला लागला की ही मुंबईची गप्पी मासोळी अंडी घालत नाही, थेट जिवंत पिल्लं देते. चंद्राबाई हसून हसून बेजार झाली.

"दुकानदारानं चांगलाच गंडवला रे तुला! मासा काय शेळी हाय, पिल्लं द्यायला?"

शिवदास मुंबईच्या लाँचवर खलाशी. काचेची पेटी आणि तिच्यातली ती एकुलती एक मादी त्यानं बायकोसाठी आणली होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन केसरला दिवस गेले होते, सातवा लागला होता, आणि घरात बसून तिचा जीव रमत नव्हता. आता ती पेटीपुढून हलेना. मासोळीचं पोटही टम्म फुगलेलं. "आत्या, आम्ही दोघी संगतीनंच बाळंत होणार," असं ती सासूला म्हणायची आणि आपणच लाजायची.

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून ती दिघीला निघाली. निघताना पेटीपाशी थांबून म्हणाली, "आत्या, पिल्लं दिसली की हिला लगेच वेगळ्या भांड्यात काढा हं. नायतर गिळते ती पिल्लांना, दुकानदारानं बजावलंय. माझी पिल्लं जगायला हवीत."

"काढीन गो बाय, तू सुखरूप जा," चंद्राबाई म्हणाली. पण मनात तिच्या अंडीच होती. गाबोळी चिकटायला बरं पडेल, म्हणून तिनं जुन्या जाळ्याचा एक तुकडा पेटीत सोडून दिला आणि निवांत झाली.

दिवस भरायच्या आधीच शिवदास दिघीहून एकटा परत आला. मुलगी झाली होती. ती रडलीच नाही. चंद्राबाईनं ऊर बडवून घेतला, आणि त्या आकांतात तिच्या तोंडून निघून गेलं, "एवढं पोटातलं पोर सांभाळता नाय आलं तिला!" शेजारपाजारच्या बायका होत्या, सगळ्यांनी ऐकलं. शिवदास न जेवताच उठून गेला.

पुढं मात्र चंद्राबाईला एकच ध्यास लागला. सून रिकाम्या हातानं घरी येणार. तिला दाखवायला निदान पेटीत तरी काही जितंजागतं असायला हवं. रोज सकाळी ती सुकटीचा चुरा टाकायची, काचेला नाक लावून अंडी शोधायची.

एका सकाळी मासोळीचं पोट उतरलेलं दिसलं. अंडी कुठंच नव्हती. आणि मग काचेजवळ दोन काळे डोळे हलले. "अगो बाय! खरंच की!" ती ओरडली, आणि तेवढ्यात मासोळीनं ते पिल्लू गिळलं. मागोमाग दुसरं. चंद्राबाईचं डोकं फिरलं. "पोटची पोरं खातेस, मेले!" म्हणत तिनं मासोळी मुठीत धरली आणि अंगणात भिरकावली. कोंबड्या धावल्या. पाण्यानं भरलेलं पातेलं शेजारीच होतं, तिकडं तिचं लक्षसुद्धा गेलं नाही.

जाळ्याच्या तुकड्यात चार-पाच पिल्लं लपून राहिली होती. ती तिनं जिवापाड जपली.

केसर आली ती निम्मी होऊन. दूध आटावं म्हणून छातीला कापड घट्ट बांधलेलं. चंद्राबाईनं तिला गाठोडंही सोडू दिलं नाही, हाताला धरून पेटीपुढं नेलं.

"बघ गो, जगवली की नाय तुझी पिल्लं?"

किती दिवसांनी केसरचा चेहरा जरासा उजळला. तिनं काचेवर बोट टेकलं, एक पिल्लू बोटामागं गेलं. "आणि यांची आई?"

"ती?" चंद्राबाई हसली. "टाकली कोंबड्यांना! पोरं खात होती मेली. असली आई हवी कशाला?"

बोट काचेवरच राहिलं. "तिला नुसती वेगळी काढायची होती, आत्या. मी सांगून गेले होते."

"अगो, पण पोरं..."

"पोरं गेली म्हणून आईला मारायची?"

चंद्राबाईनं तिचा हात धरला. "तुझं तसं नाय गो केसर. तू माझी..."

"तुम्ही तेव्हा काय बोललात, ते पोचलं दिघीला. मी म्हटलं, दुःखात बोलल्या असतील, माणूस बोलतं." केसरचा आवाज चढला नाही. "पण आज तर तुम्ही हसत सांगताय."

केसर दाराकडं वळली तशी चंद्राबाई आडवी गेली, सुनेच्या पाया पडायला वाकली. केसरनं तिला दंडाला धरून उठवलं, तिचा ढळलेला पदर सारखा केला आणि गाठोडं उचलून माहेरी परत जायला धक्क्याकडं चालू लागली.