राशीला वळसा

पंचशीलाचं नाव झालं ते असं. लॉरीच्या चालकाला डुलकी लागून गाडी रस्त्यावरचा आपला पट्टा ओलांडायला लागली, की आधी नुसती शिट्टी वाजायची. इंजिनाचा आवाज, गाणी, वारा. त्यात ती ऐकतो कोण? पंचशीलानं दाखवून दिलं की शिट्टी नको, स्टिअरिंगनंच गाडी हळूच पट्ट्याच्या आत ओढावी. ओढ एवढीच असावी, की जाग्या माणसाला ती दोन बोटांनी मोडता यावी. त्यासाठी तिनं पुण्याकडच्या चाचणीच्या रस्त्यावर कित्येक वर्षं चालकांचे हात आणि डोळे तपासले. ती नोकरीला होती त्या लॉरीच्या कंपनीनं ते काम उचललं. परदेशात तिचं भाषण झालं, आणि गावी नौबादला भागाबाईनं लेकीच्या नावानं गल्लीला जेवू घातलं.

तसली एक लॉरी तिचा धाकटा भाऊ नागेश चालवत होता. चाचणीच्या रस्त्यावर कुणी तूर वाळत घालत नाही, एवढीच काय ती अडचण.

आपल्याकडं तुरीचा हंगाम आला की अर्धा रस्ता शेतकऱ्यांचा. काडासकट तूर पसरलेली असली तर गाडीनं खुशाल वरून जावं, मळणी फुकटात होते. पण दाणे निघाले, रास झाली, भोवती दगड मांडले, की तिच्यावर चाक घालायचं नाही. हे कुणाला शिकवावं लागत नाही. पंचशीला याच रस्त्यांवर वाढलेली, तरी तिच्या कागदात ही रास कुठं आली नाही.

त्या दुपारी हुमनाबादच्या अलीकडं नागेशला अशीच रास दिसली. त्यानं गाडी उजवीकडं घेतली. रस्ता मोकळा होता, इंडिकेटर दाखवणार कुणाला? पण इंडिकेटर नाही आणि गाडी पट्ट्याबाहेर चाललीय, म्हणजे माणूस झोपला, असं यंत्रानं धरलं. त्यानं गाडी डावीकडं ओढली. डावीकडं रास होती, आणि राशीपाशी झाडू घेऊन बसलेली म्हातारी नागूबाई होती. ती जागेवरच गेली.

"स्टिअरिंगनं ओढलं," एवढंच नागेश पोलिसांना सांगत राहिला. कंपनीनं कळवलं, गाडीत काही बिघाड नव्हता. खरंच नव्हता, तेच तर वाईट.

पंचशीलानं गाडीतली नोंद काढून पाहिली. नागेशचे डोळे उघडे होते, नजर रस्त्यावर होती. ध्यानीमनी नसताना स्टिअरिंग फिरलं की हात आधी त्याच्याबरोबर जातो आणि मग अडवतो, हे तिनंच शोधलं होतं. चाचणीच्या रस्त्यावर त्या क्षणभरानं काही बिघडत नव्हतं. नोकरी गेली तर जाऊ दे, कोर्टात हे सांगायचंच, असं ठरवून ती नौबादला आली.

नागेश जामिनावर सुटून घरी होता. भिंतीला टेकून बसलेला, दाढी वाढलेली.

"तू जागा होतास, माझ्यापाशी पुरावा हाय," ती म्हणाली. "मी साक्ष देते."

"म्या जबाब बदलला, अक्का."

"म्हंजे?"

"झोप लागली म्हणून सांगितलं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे, खोटं कामून बोलायलास? चूक माझी हाय, तुझी न्हाई!"

"जागा होतो म्हणलं की समदे एकच इचारायलेत. मग म्हातारी दिसली न्हाई का? दिसली की. तिनं मान वर करून बघितलं बी. झोपलो म्हणलं की लोक गप बसतात. तिचा लेक बालाजी सुदीक गप बसला."

भागाबाई आतून म्हणाली, "जबाब दिल्यापासून दोन घास खायलाय गं. ऱ्हाऊ दे."

"आये, त्याला शिक्षा होईल!"

"होऊ दे," नागेश म्हणाला.

पंचशीलाला रडू फुटलं. तरी तिनं समजावून पाहिलं. "तू झोपलास म्हणजे यंत्र बरोबर होतं, ओढच कमी पडली, असं कंपनीवाले म्हणतील. आणखी वाढवतील. मग जाग्या माणसाला बी ती मोडायची न्हाई. तुझ्यासारखे किती जण गाड्या चालवायलेत, त्यांचं काय?"



"मी जागा होतो म्हणून तू सिद्ध केलंस," नागेश म्हणाला, "तर मी तिच्या डोळ्यांत बघत तिला मारलं, असं व्हतंय. तेवढं करू नको, अक्का."

तिनं केलं नाही. उन्हाळ्यात कंपनीनं ओढ वाढवायचं ठरवलं आणि ते काम तिच्याकडंच आलं. दुसऱ्या कुणी हिशोब केला असता तर आणखी वाढली असती, असं मनाशी म्हणत तिनं आकडे काढून दिले.