कान्होजी नावाचा डोंगा

मी एक जुना डोंगा आहे. पण मित्रांनो, एका सकाळी मी युद्धनौका झालो होतो!

आधीचे थोडक्यात. आंब्याचे एक खोड, आतून कोरलेले. पवनीचा घाट. वैनगंगेत जागेश्वरसोबत बावीस वर्षे मासेमारी. "याच्यासारखा डोंगा नाही," तो सगळ्यांना सांगे. मग त्याने पत्र्याची नाव घेतली. मी काठावर पालथा. वाळवी. भेगा.

"सव्वीस जानेवारी झाली का फोडतो याले. चुलीले होईन," तो म्हणाला.

त्याची मुलगी रीता आठवीत. शाळेच्या झाँकीसाठी, म्हणजे चित्ररथासाठी, तिने मला मागून घेतले होते. खऱ्या युद्धनौकेचे चित्र पाहून मुलांनी मला राखाडी रंग दिला.

तोफा: पाइपाच्या.
रडार: सूप.
डोलकाठी: उंच बांबू, टोकाला तिरंगा.
नाव: कान्होजी.

कान्होजी आंग्रे, मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. लहान गलबतांनी त्यांनी परदेश्यांची मोठमोठी जहाजे जेरीस आणली.

सव्वीस जानेवारी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मी. वाटेत गावाचा जुना दरवाजा.

खाट!

डोलकाठी अडकली. मुलांनी मला जमिनीवर ठेवून मापले होते. ट्रॉलीची उंची कोणी धरलीच नव्हती!

"बांबू कापा," देवाजी सर म्हणाले.

"झेंडा खाली नाही येनार, सर! डोंगा हाय न हा? मंग पान्यानं काहून नाही न्यायचा? घाटावरच तं जायचं हाय," रीता म्हणाली.

"भेगा हायेत, रीता. बुडला तं?" जागेश्वर म्हणाला.

"मी हावो न पानी उपसाले!"

जागेश्वरने तिच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. "जाय मंग, डांबर घेऊन ये."

भेगा बुजल्या. ट्रॉली वळवून मला दरवाजाअलीकडच्या काठावरून नदीत सोडले. किती दिवसांनी पाणी लागले अंगाला! जागेश्वर बांबूने मला रेटत होता, रीता डब्याने पाणी उपसत होती. मागून पत्र्याच्या नावेत देवाजी सर आणि लेझीमवाली मुले. मध्येच वाळूचा उथळ पट्टा आला. त्यांची नाव रुतली.

"जागेश्वर, थांब ना गा!" सर ओरडले.

मला दोन वीत पाणी पुरते. मी सरकन पुढे!

घाटावर सारा गाव उभा. "कान्होजी आला! कान्होजी आला!" सूप डुलत होते. तिरंगा उंच होता. गुडघाभर पाण्यात उतरून जागेश्वरने माझ्या राखाडी कडेवर थाप मारली.

"बाबा, फोडनार याले?" रीताने विचारले.

"युद्धनौका कोनी फोडते का, येडे?"

मित्रांनो, काठावर काही पालथे पडलेले दिसले, तर चुलीत घालण्याआधी एकदा पाण्यात सोडून पाहा.