खंबाटकीचा चहा

नारायण पेठेतल्या श्रीधरपंतांची बदामी मोटार बासष्ट सालची. पंत तिच्याहून थोडे थोरले. सकाळी दोघांपैकी आधी कोण खोकतं, यावरून शेजारी घड्याळ लावत.

जुनी इमारत पाडून नवी झाली, तेव्हा पार्किंग वाट्याला आलं एकच. आता मुलगी स्पृहा नवी गाडी घेणार होती. त्यातच पंतांनी जुन्या मोटारींच्या वाई सहलीत नाव घातलं. पत्नी मंदाकिनीबाईंनी भाजी निवडता निवडता निकाल दिला.

“जा की. स्वतःच्या चाकांवर घरी परत आली, तर पार्किंग तिचं. ट्रकवर चढून आली, तर तशीच पुढे भंगारात.”

“आणि तू?”

“मी येणार. साक्षीदार नको?”

पंतांची झोप उडाली. ते तयारीला लागले. बुधवार पेठ पालथी घालून प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणलं. फॅनबेल्ट दोन, रेडिएटरचे पाइप, तारा, चिकटपट्ट्या. एक अख्खा जादा स्टार्टरसुद्धा पैदा केला. डिकीत आता अशी परिस्थिती होती, की वाटेत मोटार चोरीला गेली असती तरी पंतांनी डिकीतून दुसरी उभी केली असती, फक्त डिकी मागे राहायला हवी होती. स्टार्टर काही केल्या बसेना. तेव्हा त्यांनी डिकीच्या कोपऱ्यातली एक जुनी वेताची परडी उचलून माळ्यावर टाकली. तिच्यात वातीचा स्टोव्ह, पातेलं आणि कान तुटलेले कप होते. सहल काय चहा प्यायला काढलीय?

खरं तर पूर्वी ते दर उन्हाळ्यात वाईला जात, आणि दर उन्हाळ्यात खंबाटकीच्या घाटात मोटार बंद पडे. त्या घाटाच्या गोष्टी पंत अजून सांगत. एकदा टाकी गळायला लागली, तर त्यांनी अंघोळीचा साबण थापून भोक बुजवलं. मग थेट सुरूरपर्यंत धुराड्यातून फुगे निघत होते, आणि गावोगावची पोरं मागे धावत होती. एकदा फॅनबेल्ट तुटला, तो मंदाकिनीबाईंच्या शालूच्या काठाने बांधला. इंजिन इतकं लाजलं, की वाईपर्यंत आवाज नाही. आणि एकदा तर घाटातल्या माकडाने त्यांना पाना धरून दिला. बारा नंबरचा मागितला, बाराचाच दिला!

“चौदाचा होता,” मंदाकिनीबाई एवढंच म्हणत.

सहल निघाली. चकचकीत मोटारींच्या रांगेत बदामी मोटार शेवटची, आणि तिच्या मागे बंद पडलेल्यांना उचलणारा ट्रक. तो चालवत होते वाशिमचे हिंमतराव. माणूस अगदी सालस, पण पंतांना त्यांच्या मिशा यमाच्या रेड्याच्या शिंगांसारख्या दिसत होत्या. कात्रजला मोटार नुसती शिंकली, तरी मागून हाक आली.

“चढवू काय जी, काकाजी?”

“नको!”

शिरवळ गेलं, ऊन चढलं, घाट लागला. आणि अर्ध्या चढावर, नेहमीच्याच वळणाला, मोटारीने दोन आचके दिले आणि मान टाकली.

पंतांनी उडी मारून बॉनेट उघडलं. प्लग बदलले. स्टार्टर मारला, नाही. पॉइंट बदलले, नाही. कॉइल, कंडेन्सर, तारा, एकेक करून डिकी रिकामी झाली. पूर्वी मोटार बंद पडली की येणारीजाणारी माणसं थांबत, हात काळे करत, वर घरचे लाडू देत. आता गाड्या हळू होत, खिडकीतून मोबाइल बाहेर येई, फोटो निघे आणि माणसं पुढे जात. पंतांनी हातातल्या पान्याकडे पाहिलं. मोटार मुळात बाबांची, आणि बाबांनी ह्याच वळणावर त्यांना पहिल्यांदा पाना धरायला शिकवलं होतं.

“चढवू काय जी?” हिंमतराव या खेपेला अगदी हळू म्हणाले.

पंत रिकाम्या डिकीत पुन्हा वाकून शोधायला लागले. मंदाकिनीबाई मात्र कठड्यावर ऐसपैस बसल्या. “अहो, चहाची परडी काढा.”

“ती... माळ्यावर आहे. स्टार्टर बसत नव्हता.”

बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की मोटारीच्या जागी तेच भंगारात जातील. मग त्या हिंमतरावांकडे वळल्या. “भाऊ, तुमच्याकडे चहा आहे?”

थर्मास निघाला. बाईंनी नॅपकिन ओला करून इंजिनाच्या कडेच्या पेट्रोल पंपावर अंथरला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. तिघं कठड्यावर बसले. पंतांनी साबणाची गोष्ट सांगितली. हिंमतरावांनी वाशिमची एक सांगितली, त्यात बैल मोटार ओढता ओढता गिअर बदलायला शिकला होता. पंतांना पहिल्यांदाच तोडीस तोड माणूस भेटला. मग त्यांनी माकडाची काढली.

“चौदाचा,” बाई म्हणाल्या.

चहा संपला. बाईंनी नॅपकिन उचलला. “आता मारा.”

मोटार पहिल्या झटक्याला चालू झाली.

पंत थक्क. “अगं, मग इतकी वर्षं इथे मी काय दुरुस्त करत होतो?”

“तुम्ही काही करत नव्हतात. उन्हात पेट्रोलची वाफ होऊन पंपात अडायची, ती निवायला वेळ लागायचा. म्हणून मी चहा करत होते.”

“कधी बोलली नाहीस!”

“तुम्ही किती रंगून जायचात. आणि चहा निवांत व्हायचा.”

वाई झाली, परतीचा रस्ताही निभावला. पण मंडईपाशी, घर हाकेवर आलं असताना, मोटारीने पुन्हा मान टाकली. आता चहा नव्हता, थंडावा नव्हता, मागे भाजीचे टेम्पो बोंबलत होते. त्यांच्या मागे हिंमतराव. शेवटची मोटार घरी पोचवायची त्यांची रीतच होती.

“चढवू...” ते सुरू झाले.

“खबरदार!” मंदाकिनीबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि मोटारीच्या पाठीला हात लावला. “अहो, सुकाणू धरा. बघत काय बसलात?”

“पण ती बंद आहे गं...”

“अट चाकांची होती. इंजिनाचं कोण बोललं होतं?”

हिंमतरावांनी ट्रक बाजूला लावून खांदा दिला. एक कांदेवाला आला, दोन हमाल आले. नंतर पंत सांगत, की मंडईतलं शेवटचं गिऱ्हाईकसुद्धा पिशवी ठेवून ढकलायला आलं, आणि मोटार इतक्या वेगात गेली की ब्रेक लावावा लागला.

इमारतीखाली स्पृहा उभी होती. “आई, मग माझी गाडी?”

“तुझी नवी आहे ना? राहील बाहेर. हिला या वयात कुठे पाठवायचं?”

आणि माळ्यावरची परडी काढायला त्या वर गेल्या.