मी गळलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. वरोऱ्याजवळच्या एका गावात, अश्वजितभाऊंच्या ओसरीवर खुंटीला टांगलेला असतो. पाठीला पोचा आलाय, पट्टा दोनदा शिवलाय. पण माझ्यातून आजवर थेंबभरही गळलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्यावर आळ आला तो त्याचाच.

पंधरा हंगाम मी भाऊंच्या पाठीवर काढले. एके काळी गाव मला मागून न्यायचं. मग बॅटरीचे पंप आले आणि मी फक्त भाऊंचा उरलो.

यंदा कपाशीवर मावा ही कीड पडली. घरात दोन सारख्या बाटल्या होत्या. एकीवर हिरवा त्रिकोण, सौम्य औषधाचा. दुसरीवर लाल, जहाल विषाचा. ती गेल्या वर्षीची उरलेली. भाऊंनी हिरवी समजून लाल ओतली. सौम्यच आहे म्हणून हातमोजेही घातले नाहीत. दुपारी ते शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, कोसळले.

चार दिवसांनी दवाखान्यातून जिवंत परतले, तेव्हा ओसरीवर माणसं जमली. शेजारचा विक्की म्हणाला, "पंप गळत असन. भंगारात द्या." मग हळूच, "नाईतर भाऊनं घेतली असन थोडीशी. शुद्धीतला माणूस लाल बाटली ओतते का?"

भाऊंची मान खाली गेली. या घरात रोज पंचशील म्हटलं जातं. नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील भाऊंनी कधी मोडलं नव्हतं. दारूचा डाग तसाच राहिला असता, तर खरं कारण कुणी शोधलंच नसतं. पुढच्या फवारणीला भाऊंच्या हातात पुन्हा कोणती बाटली आली असती, सांगा.

त्यांच्या बायको हर्षाबाई आवाज न चढवता उठल्या. परसातून हिरव्या आणि पिकून लाल झालेल्या मिरच्या तोडल्या, सुपात भाऊंसमोर ठेवल्या.

"बजारात तुम्ही टमाटर दाबूदाबू पाह्यता. मले वाटे, लई चोखंदळ आहात. आता हात न लावता लाल मिरची दाखवा."

भाऊंनी बराच वेळ पाहिलं. बोट गेलं ते हिरव्या मिरचीवर.



"हातात घेतली की मले समजते," भाऊ म्हणाले. "पिकली मिरची नरम लागते. बाटल्या हाताले दोन्ही सारख्याच."

"म्हणजे तुमी आंधळे हा का भाऊ?" विक्की हसला.

"आंधळा नाई. लाल-हिरवं येगळं दिसत नाई, एवढंच. दारूचा शब्द वापस घे. पंपाचा बी."

विक्कीनं दारूचा शब्द मागे घेतला. माझा नाही.

वरोऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली. इतरांना त्यात आकडे दिसतात; भाऊंना बहुतेक पानांवर नुसते ठिपके दिसले. हे जन्मापासूनचं होतं. चाळीस वर्षांत कुणी तपासलंच नव्हतं. आता जहाल विषाची बाटली घरात आली, की हर्षाबाई आधी तिच्या गळ्यात सुतळी बांधतात आणि तीन गाठी मारतात. हात लावला की भाऊंना कळतं. हातमोजे मात्र प्रत्येक वेळी.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी झाडाची पानं तपकिरी रंगवली, तर हसू नका. त्याचे डोळे तपासायला सांगा. तपासल्याशिवाय माणसाला दारुडा म्हणू नका, मलाही फुटका म्हणू नका.

विक्की अजून म्हणतो, मी गळतो. म्हणू दे. माझ्यात काठोकाठ पाणी भरा, खुंटीला टांगा, खाली कोरडी राख पसरा. मग बसा बघत.