मला ऊन दाखवू नका

मी गिटार बोलतेय, पण जरा हळू. जोरात वाजले की पोटात दुखतं, आणि का दुखतं ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

जन्म माझा कलकत्त्याचा. पातळ फळ्या वाकवून, सरस लावून मला जोडलं. सरस धरून आहे तोवर मी गिटार, सुटला की सरपण. रायपूरच्या दुकानातून मला यज्ञेश्वरनं घरी आणलं. आजोबांचं भारदस्त नाव त्याला ठेवलेलं, घरात मात्र सगळे बंटीच म्हणतात. तीन कॉर्ड शिकला, तेवढ्यात शहराबाहेर, उरल्याच्या कारखान्यांत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये नोकरी लागली आणि मी चौबे कॉलनीतल्या घरी दाराआडच्या खिळ्यावर गेले. पुढे नवं राज्य झालं आणि रायपूर त्याची राजधानी. गल्लीत लाल दिव्याच्या गाड्या आल्या, भोपाळहून आलेल्या साहेबांना भाड्यानं द्यायला शेजाऱ्यांनी मजले चढवले. माझ्यावर चढली ती धूळ.

मग क्षमा आली, लग्न होऊन, नागपूरहून.

उंबऱ्यावर माप ठेवलेलं. बायकांनी तिला अडवलं, "नाव घे, मग आत ये!" तिनं तोंड उघडलं, पहिल्याच शब्दाला आवाज चिरकला, आणि उरलेला उखाणा तिनं गिळून टाकला. शेजारच्या मीराकाकू तिच्या सासूला म्हणाल्या, "काहो शांताबाई, सून आणली का बाहुली?" सगळ्या हसल्या. क्षमाही हसली. पण तिची बोटं पदर पिळत होती, ते दाराआडून मला दिसलं.

यज्ञेश्वरनं एका रविवारी मला तिच्या मांडीवर ठेवलं. "बजाके देख ना. सी, जी, ए मायनर. बस, मले इतकंच येते. आन हिले उन्हात ठेवू नको, एवढं ध्यानात ठेव."

तेव्हापासून दुपारी शांताबाई आडव्या झाल्या की ती मला खाली काढायची. तिला दुसऱ्यांची गाणी नको होती. नवऱ्याच्या शर्टांची काळी धूळ धुताना ती शब्द जुळवायची आणि दुपारी माझ्यावर ठेवून बघायची. ओळ लांब झाली की शब्द पिळून काढायचा, आखूड झाली की भिजवून ताणायचा. यज्ञेश्वर हे नाव तर कुठल्याच ओळीत मावेना. संक्रांतीला हळदीकुंकू होतं, लग्नानंतरचं पहिलं. त्याच बायका येणार, पुन्हा नाव घ्यायला लावणार. या वेळी ती ते गाऊन घेणार होती.

पण दिवाळीच्या साफसफाईत शांताबाईंनी गाद्या गच्चीवर नेल्या आणि जाताना मलाही काखेत मारलं. "कुबट वास येऊन राह्यला हिचा. ऊन दाखवते जरासं."

त्यांची माया खरी होती, ऊनही खरं होतं. गाद्यांमध्ये मी उताणी पडले. तारा तापल्या. माझ्या पोटावर जी लाकडी पट्टी तारांना धरून ठेवते, त्या घोडीखाली सरस मऊ होऊ लागला. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. तेवढ्यात क्षमा जिन्यात दिसली. तिनं मला पाहिलं. तोंड उघडलं. समोर सासूबाई गादी झोडपत होत्या. तिनं तोंड मिटलं आणि खाली उतरली.

त्या दिवशी घोडीखाली फट पडली. केसाएवढी.

नंतर ती मला रोज वाजवायची आणि मी रोज मरायचे. तिनं खुंट्यांचे कान पिळून तार चढवली की फट ताणायची. ओरडून सांगावं तर माझा आवाज तिच्याच बोटांत. भर हळदीकुंकवात घोडी तटकन उडाली तर? बायका हसतील, आणि ही पोर जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही.

संक्रांत तोंडावर आली. मला पुसताना तिच्या पदराचा धागा घोडीखाली अडकला. तिनं ओढला, तो आत सरकला. ती वाकून बघत राहिली, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, झालं, आता पुन्हा खिळा.

फटीवरचा ताण उतरावा म्हणून तिनं घाईघाईनं सगळ्या तारा सैल केल्या. मग, सवयीनं म्हणा, एक तार छेडली. खर्जातला जाड सूर निघाला. ती सहज त्याच्याबरोबर गुणगुणली, आणि आवाज चिरकला नाही. तो छातीतून आला, घोगरा, भरदार. आजवर ती उगीच माझ्या उंच सुरामागे धावत होती. दोघींचंही घर खालीच होतं.

हळदीकुंकवाला ती काळी साडी आणि हलव्याचे दागिने घालून बसली. मीराकाकूंनी डोळे मिचकावले. "नाव घे वो, बाहुली!"

तिनं मला मांडीवर घेतलं. तारा तशाच सैल ठेवून तिनं खर्जाची तार छेडली.

*उरल्याची काळी धूळ सदऱ्यावर येते,*
*धुता धुता तिच्याशी मी बोलून घेते.*
*बोलता बोलता अडतं एकच नाव,*
*यज्ञेश्वररावांचं घर, माझं नवं गाव.*

नावाशी ती थांबली. घोडी कुरकुरली, फक्त मला ऐकू आलं. मग ते लांबलचक नाव तिनं खालच्या सुरात आरामात पसरलं, आणि ते मावलं.

मीराकाकूंच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. "हव! बाहुली तर बोलते!"

शांताबाई कौतुकानं फुलल्या. मला उचलून म्हणाल्या, "बिचारीनं लाज राखली आज. उद्या मस्त ऊन दाखवते हिले!"

माझ्या तारांतून काटा गेला. जिन्यातली ती मिटलेली जिवणी मला आठवली.

"नको, आई."

क्षमा बोलली, गाण्यातल्याच आवाजात.

"काहून?"

क्षमानं फट दाखवली. "उन्हानं हिचा जोड सुटतो."

शांताबाईंनी फटीवरून बोट फिरवलं. "मंग मले तवाच सांगाचं ना, बाई."

"तेव्हा बोलता कुठं येत होतं मला?"

आता मी आतल्या खोलीत आहे, शांताबाईंच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. तारा सैल, फट तशीच. भीती गेली नाही. रायपूरचा उन्हाळा दारात आहे आणि गाद्या पुन्हा गच्चीवर जाणार आहेत. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला सावलीत ठेवा. आणि जिन्यात कुणी तोंड उघडून उभं असेल, तर गादी झोडपणं जरा थांबवा.