दादाचे अश्रू आणि तिरक्या छताचं बाथरूम

माझा दादा जिवंतपणी कधी रडला नाही. पायावर पहार पडली तेव्हासुद्धा त्याने फक्त पहारीला शिव्या घातल्या. मेल्यावर मात्र तो रोज सकाळी रडू लागला, आणि ते बघायला त्याच्या घरासमोर रांग लागली.

रांग फाटकातून निघून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जायची. ज्यांनी त्या दुकानातून औषध घ्यायचं, ते दुकानाकडे पाठ करून रिकामी बाटली घेऊन उभे. आत बैठकीच्या खोलीत दादाचा मोठा फोटो, फोटोच्या वर छतापासून सोडलेली मखमलीची झालर, खाली वाटी. सकाळी थोडा वेळ काचेवरून थेंब ओघळायचे, डोळ्यांवरून गालावर आणि गालावरून वाटीत. मग तेच पाणी बाटल्यांत. गुडघेदुखीवर घ्या, परीक्षेला जाताना घ्या, बाळाला दात येताना हिरड्यांना चोळा.

या सगळ्या कारभाराचे धनी होते अश्रूमहाराज. आधी ते कुठे आणि काय करत होते, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. वहिनीने एका सकाळी फोटोवर पाणी पाहून हंबरडा फोडला आणि शेजारणीने या गृहस्थांना आणून बसवलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग वर छताकडे पाहिलं, आणि पहिली आज्ञा काय केली, तर वरून मखमल सोडा. आत्म्याला उघड्यावर ठेवू नये म्हणे.

दुसरी आज्ञा दादाच्या सुनेबद्दल होती. आमचं घराणं बुटकं. सून मात्र उंच, दारातून वाकून आत येणारी. महाराज म्हणाले, घरात एक सावली फार लांब पडते आहे, तिच्यामुळे आत्मा तळमळतो. खात्री करायला तिला काही दिवस माहेरी धाडलं. अश्रू थांबले. परत आणलं, दुसऱ्याच सकाळी दादा पुन्हा रडायला लागला. झालं! याहून मोठा पुरावा कोणाला हवा?

सुनेने मला फोन केला. आवाज अगदी शांत होता, तेच मला सहन झालं नाही. ती म्हणाली, "आत्या, रविवारी मला कायमचं माहेरी सोडणार आहेत. तुमचा भाचा खाली मान घालून बसलाय."

मी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं. डोकं फिरायला मला एवढं पुरे होतं. त्याच दिवशी बॅग भरून दादाच्या घरी थडकले. दुसऱ्या सकाळी वहिनीने मोठ्या भक्तीने वाटी पुढे केली. "घ्या वन्सं, तुमच्या भावाचे अश्रू." मी वाटी नाकाशी नेली. महाराज त्या वासाला स्वर्गीय सुगंध म्हणत. मला तो लिंबाच्या शाम्पूचा वाटला. माझ्या टकल्या दादाने शाम्पू जन्मात वापरला नव्हता.

मी तडक वर गेले. फोटोच्या बरोबर डोक्यावर, उतरत्या छपराखालच्या माळ्यावर भाच्याने गेल्या वर्षी बाथरूम काढलं होतं. एका बाजूला छत उंच, दुसऱ्या बाजूला उतरत उतरत कमरेइतक्या भिंतीला टेकलेलं. फरशा चकचकीत, नळ झकास. आणि शॉवरची काच? मायलेकांनी दुकानातून तयार आणलेली, वरून सरळ कापलेली. छत तिरकं, काच सरळ. मग वर राहिली भली मोठी तिकोनी फट. ती दिसायलाही बरी दिसते, असं ठरवून दोघांनी सोडून दिली होती.

शॉवर दांडीवर वर-खाली सरकणारा. घरातले बुटबैंगण तो खाली ठेवूनच अंघोळ करायचे. सून तो वरच्या टोकाला न्यायची. न नेऊन सांगते कोणाला? तिथे फवारा थेट तिरक्या छतावर. छतावर आदळलेलं पाणी लगेच खाली पडत नाही, ते छताला चिकटून उताराने सरकत जातं. तसं ते काचेच्या वरच्या फटीतून पलीकडे जात होतं आणि छत जिथे बुटक्या भिंतीला टेकतं त्या सांध्यात शिरत होतं. त्या सांध्याला फरशी नाही, लेप नाही. नुसतं पांढरं सिमेंट भरलेलं, आणि त्यालाही बोट जाईल एवढी चीर. चिरेतून पाणी खाली, दादाच्या डोळ्यांत!

नुसतं सांगून कोणी ऐकलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून शनिवारी सुनेला शॉवर खाली ठेवून अंघोळ करायला लावली. फोटो कोरडा ठाक. आत्मा विश्रांती घेतोय, असं महाराजांनी जाहीर केलं. रविवारी उजाडताच सुनेला मागच्या दाराने बाहेर पाठवलं. त्या चिरेत खायचा हिरवा रंग कोंबला. खायचाच घेतला, कारण हे शहाणे तो पिणार होते. शॉवर वरच्या टोकाला नेला, नळ सोडला आणि खाली येऊन बसले.

वर धो धो पाणी पडत होतं, खाली टपटप पाणी पडत होतं, आणि मध्ये एवढी डोकी असून एकाच्याही डोक्यात काही येईना.

दादाच्या गालावरून हिरवा ओघळ आला. लोक मागे सरकले. महाराज क्षणभर चपापले, पण गडी मुरलेला. म्हणाले, "पाहा! सुनेच्या मनातलं विष उतरतंय!"

मी हात जोडून विचारलं, "ती घरात नसती तर उतरलं नसतं ना, महाराज?"

"तिच्या सावलीशिवाय इथे थेंबही पडणार नाही."

हे मी त्यांच्याकडून सगळ्यांसमोर पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग खिडकीबाहेर बोट दाखवलं. रांगेच्या पार शेवटी, औषधाच्या दुकानापाशी सून उभी होती. उंचीमुळे सगळ्या डोक्यांवर तिचं डोकं स्वच्छ दिसत होतं. मी माझे हिरवे झालेले हात वर केले आणि मखमल खसकन ओढली. मागे छतावर परातीएवढा ओला, बुरसटलेला डाग. महाराजांनी पहिल्याच दिवशी पाहून झाकलेला.

मग सगळ्यांना वर नेऊन पाणी कसं जातं ते दाखवलं. परत खाली येईतो महाराज पसार झाले होते. ज्यांनी शाम्पूचं पाणी प्यायलं होतं ते एकमेकांची नजर चुकवत पांगले.

भाच्याला मी तिथेच सुनावलं. तो सांधा लवचिक सीलंटने भर, कारण छप्पर उन्हाथंडीत हलतं आणि सिमेंट तडकतं. पाणीरोधक लेप नुसता जमिनीला नको, भिंतीवरून तिरक्या छतापर्यंत ने, वर फरशी बसव. काच छताच्या उताराप्रमाणेच कापून घे.

वहिनी पदर डोळ्याला लावून सुनेला आत ये म्हणाली. सून उंबऱ्याबाहेरच थांबली आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मला घालवायचं ठरवलंत. त्याआधी एकदा वर जाऊन बघावंसं नाही वाटलं?"

ती माझ्याकडे राहायला आली. घर कोरडं झाल्यावर परत जायचं की नाही, ते ती ठरवेल.

तुम्हाला एकच सांगते. भिंत रडली, फोटो रडला, तर हात जोडायच्या आधी वर जाऊन छत बघा. गळणारा सांधा उद्या बुजवता येतो. घराबाहेर काढलेलं माणूस इतक्या सहज परत येत नाही.